सांडपाण्यासाठी एन्झाइम : काय साधते, काय साधत नाही



येत्या वार्षिक सभेपुढे सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी एन्झाइम खरेदी करण्याचा एक विषय आहे. उसाच्या नोंदीसाठी गट ऑफिसात येणारे सभासद त्याबद्दल आम्हांला विचारतात. कोणी म्हणतो, हे औषध टाकले की ओढ्याचा वास जातो. कोणी म्हणतो, म्हणजे पैसे शब्दशः पाण्यात. आम्ही शेतकी खात्याची माणसे; रसायनशाळेचा कारभार आमच्याकडे नाही. परंतु प्रक्रिया केलेले पाणी अखेर सभासदांच्याच उसाला जाते आणि ओढ्याकाठच्या विहिरीही सभासदांच्याच आहेत. तेव्हा हा विषय शेतकी खात्याचाही आहे, असे आम्ही समजतो.

आणखी एक गोष्ट. ही औषधे विकणारे बहुतेक लोक मुंबईहून येतात आणि त्यांच्या छापील पत्रकांत दाखले असतात तेही मुंबईचेच. पवई तलाव, मिठी नदी, अंधेरीचे कारखाने. म्हणून या लेखात आपल्याला मुंबईच्या उपनगरांतून एक फेरी मारावी लागणार आहे. पण त्याआधी घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतो.

बटाट्याचा प्रयोग

जखम धुण्यासाठी मेडिकल दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. एक बटाटा चिरून त्याच्या ताज्या कापावर त्याचे चार थेंब टाका. लगेच फेस येईल. आता दुसरा बटाटा चांगला उकडून, थंड करून, चिरून त्यावर तेच थेंब टाका. फेस येणार नाही. कच्च्या बटाट्यात कॅटालेज नावाचे एन्झाइम असते. ते पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू असे दोन भाग करते. फेस दिसतो तो प्राणवायूचा. उकडल्यावर एन्झाइम मेले, काम थांबले. बटाटा तोच, औषध तेच, गेले ते फक्त एन्झाइम.

मराठी शालेय पुस्तकांत एन्झाइमला विकर म्हणतात. तुमच्या मुलांना विचारा, त्यांना ठाऊक असते. हा सजीव प्राणी नव्हे. सजीवाच्या पेशीने बनवलेले ते एक प्रथिन आहे आणि पेशीबाहेर काढले तरी काही काळ आपले काम करते. जर्मनीतील एडुआर्ड बुकनर या शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये यीस्ट चिरडून त्याचा नुसता रस साखरेच्या पाण्यात घातला. जिवंत यीस्ट नसतानाही साखर आंबली. यासाठी त्यांना १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे या शास्त्राच्या पायाभरणीत आपल्याच मालाचा वाटा आहे!

एन्झाइम शेतकऱ्याला नवीन नाही, फक्त नाव नवीन आहे. रसवंतीवर काढून ठेवलेला रस काळपट पडतो, तो उसातील एन्झाइममुळे. लिंबू पिळले की रंग उशिरा बदलतो, कारण आंबट पाण्यात ते एन्झाइम नीट चालत नाही. युरिया वरवर फेकून ठेवला की अमोनियाचा वास येतो, तो जमिनीतील युरिएज नावाच्या एन्झाइममुळे. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस फडात किंवा गाडीवर पडला, तर त्यात जंतू शिरतात. ते आपल्या एन्झाइमच्या जोरावर साखरेचा एक चिकट डिंक बनवतात, त्याला डेक्स्ट्रान म्हणतात. त्याने रस घट्ट होतो, साखरेचे दाणे नीट पडत नाहीत, उतारा जातो. त्या डिंकावर उपाय म्हणून कारखाने डेक्स्ट्रानेज हे दुसरे एन्झाइम विकत आणतात. इथे ते कामाला येते, कारण शत्रू एकच आहे आणि तो कोण हे नक्की ठाऊक आहे. (त्याहून स्वस्त उपाय म्हणजे चोवीस तासांत ऊस गव्हाणीत आणणे, हे दरवर्षीप्रमाणे याही वर्षी सांगून ठेवतो.)

कोयता आणि टोळी

विक्रेते ‘एन्झाइम’ आणि ‘कल्चर’ हे दोन्ही शब्द एकाच दमात वापरतात. त्यांतला भेद नीट समजून घेणे अगत्याचे आहे. एन्झाइम म्हणजे कोयता. कल्चर म्हणजे तोडणीची टोळी.

कोयता आपोआप वाढत नाही. झिजला की नवा घ्यावा लागतो. शिवाय एन्झाइमचा कोयता विशिष्ट पिकाचाच असतो. चरबी कापणारा साखर कापत नाही, पिष्ट कापणारा रंग कापत नाही. टोळी मात्र जिवंत असते. खायला मिळाले तर ती वाढते, आपले कोयते आपणच घडवते, आणि समोर जे पीक असेल त्याप्रमाणे नवे घडवते. तिला फक्त चार गोष्टी लागतात : अन्न, हवा, वेळ आणि अंगावर न येणारे पाणी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कोयत्याने ऊस तुटतो, नाहीसा होत नाही. मोळ्या उचलून न्यायला गाडी लागतेच. बहुतेक एन्झाइमे असेच फक्त तोडण्याचे काम करतात. लायपेज चरबीचे तुकडे करते, पण तुकडे पाण्यातच राहतात. इन्व्हर्टेज साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते, पण ग्लुकोज, फ्रुक्टोजही पाण्यातला प्राणवायू तितकाच खातात. सांडपाण्याची घाण आपण बीओडी या मापाने मोजतो. म्हणजे ती घाण कुजवताना जिवाणूंना पाण्यातला किती प्राणवायू लागेल याचा हिशेब. नुसत्या तोडण्याने बीओडी उतरत नाही. तो उतरतो तुकडे कोणीतरी खाल्ल्यावर, आणि खाणारी टोळी जिवंत लागते.

मग एन्झाइमने पाणी शुद्ध होते ही बातमी खोटी आहे काय? तसेही नाही. एक प्रकार निराळा आहे आणि तो खरोखर पाहण्यासारखा आहे.

फिनॉलची मळी

फिनॉल नावाचे विषारी द्रव्य रंग, औषधे, राळ, कोळशापासून वायू बनवणारे कारखाने यांच्या सांडपाण्यात येते. जिवाणूंची टोळी त्याने मरते, म्हणून नेहमीची टाकी तिथे अडते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत अलेक्झांडर क्लिबानोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये यावर एक युक्ती दाखवली. तिकडे हॉर्सरॅडिश नावाचे एक तिखट मूळ खातात; त्यात पेरॉक्सिडेज हे एन्झाइम भरपूर असते. ते आणि थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड फिनॉलच्या पाण्यात घातले. एन्झाइमने फिनॉलचे तुकडे केले नाहीत, उलट फिनॉलचे कण एकमेकांना चिकटवून मोठे केले. मोठे कण पाण्यात विरघळत नाहीत, खाली बसतात. मग पाणी गाळून घ्यायचे.

गुऱ्हाळ चालवलेल्या सभासदाला हे लगेच पटेल. काहिलीत भेंडीचे पाणी घातले की रसातली घाण गोळा होऊन वर येते आणि गुळव्या झाऱ्याने मळी काढतो. भेंडी घाण नष्ट करत नाही, एकत्र आणते. इथे मळी वर येण्याऐवजी तळाशी जाते एवढाच फरक.

पुढे १९९४ मध्ये अमेरिकेतच शुद्ध एन्झाइमऐवजी हॉर्सरॅडिश, बटाटा आणि आपला पांढरा मुळा यांचे नुसते तुकडे वापरूनही फिनॉल काढता येते, असे दाखवले गेले. अडचणीही कळल्या. पेरॉक्साइड कमी पडले तर काम अर्धे राहते, जास्त झाले तर एन्झाइम स्वतःच मरते. खाली बसणारा गाळ एन्झाइमलाही आपल्याबरोबर ओढून नेतो. आणि तो गाळ निरुपद्रवी नसतो, त्याची विल्हेवाट निराळी लावावी लागते.

अंधेरीहून आलेल्या एका विक्रेत्याने मागे आमच्यासमोर काचेच्या दोन बरण्या ठेवल्या होत्या. एकीत रंगीत पाणी तसेच राहिले, दुसरीत अर्ध्या तासात निवळले. मंडळी खूश झाली. अशा वेळी आमची एकच विनंती असते : बरणी हलवून दाखवा. रंग गेला कुठे, ते तळाशी दिसते. ही फसवणूक आहे असे आमचे म्हणणे नाही. निवळणे हेही कामच आहे. पण खाली बसलेल्या मळीचा खर्च कोण करणार, हे दरपत्रकात लिहिलेले नसते.

उपनगरांची फेरी

आता मुंबई. घाटकोपर, चेंबूरच्या पुढे ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. अणूखेरीज तिथे शेती आणि जीवशास्त्राचेही मोठे काम चालते. तेथील डॉ. एस. एफ. डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यीस्टच्या पेशी साध्या सुती कापडाला चिकटवल्या. यीस्टमध्ये इन्व्हर्टेज असते. त्या कापडावरून साखरेचा पाक जाऊ दिला की तो पलीकडे ग्लुकोज, फ्रुक्टोज होऊन बाहेर पडतो, आणि कापड पुन्हा पुन्हा वापरता येते. एन्झाइम महाग का पडते, तर ते पाण्याबरोबर वाहून जाते म्हणून. त्याला एका जागी बांधून ठेवले तर तोच कोयता अनेक दिवस चालतो. आम्हांला या सगळ्या संशोधनात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. कोणी एन्झाइम विकायला आला, की त्याला विचारावे : बांधलेले आहे की सुटे? सुटे असेल तर रोज नव्याने ओतावे लागणार.

याच उपनगरांत पाण्याची दुसरी बाजू दिसते. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघते, साकीनाका, कुर्ला, विमानतळाच्या कडेने वांद्रे-कुर्ला संकुलाजवळून माहीमच्या खाडीला मिळते. लांबी साधारण १८ किलोमीटर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि या नदीचे नाव घराघरांत पोचले. तोपर्यंत पुष्कळांच्या लेखी तो नाला होता. तिच्या पाण्यात झोपडपट्ट्यांचे आणि इमारतींचे मैलापाणी, गॅरेजचे तेल, भंगारातील पिंपे धुतल्याचे पाणी, लहान वर्कशॉपांचे रसायन, सर्व एकत्र येत आले आहे. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गावर, म्हणजे जुन्या आग्रा रोडवर, एकेकाळी औषधांचे, रंगांचे, यंत्रांचे कारखाने रांगेने उभे होते. त्यांतले पुष्कळ बंद पडून तिथे टॉवर आणि मॉल आले, पण लहान धंदे गल्लीबोळांत चालूच आहेत.

अशा मिश्र पाण्यात कोणता कोयता घालणार? चरबीला एक, साबणाला दुसरा, रंगाला तिसरा, आणि मुलामा देण्याच्या कामातून आलेल्या क्रोमियम, निकेलला कोणताच नाही. एन्झाइम धातू मोडू शकत नाही. धातू हे मूलद्रव्यच आहे, त्याचे तुकडे काय करणार? तो चुना किंवा तत्सम द्रव्याने खालीच बसवावा लागतो, आणि तोही ज्या वर्कशॉपातून आला तिथेच. एकदा सगळे नाल्यात मिसळले की वेगळे करणे कठीण.

पवई तलावाचा दाखला पत्रकांत हमखास असतो, म्हणून त्याविषयी थोडे. हा तलाव १८९० च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी बांधला, पण पाणी चांगले न निघाल्याने तो हेतू लवकरच सोडावा लागला. २००१ नंतर राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेतून त्याच्या सुधारणेचे काम झाले आणि त्यात जैविक उपचारही होता. परंतु वस्त्यांतून तलावात येणारे सांडपाणी पूर्ण बंद झाले नाही, त्यामुळे जलपर्णी काढावी आणि पुन्हा माजावी असे चालत राहिले. वरच्या पाटाचे दार उघडे ठेवून खालच्या वाफ्यातले पाणी उपसण्यासारखे हे आहे.

त्याच पवईला, आयआयटीच्या आवारात, प्रा. एच. एस. शंकर यांनी मातीच्या थरांतून सांडपाणी शुद्ध करण्याची पद्धत बसवली. मुरूम-मातीचा थर, त्यात जिवाणू, गांडुळे, वर झाडे, आणि वरून ठरावीक प्रमाणात सोडलेले मैलापाणी. ओतायला बाटली नाही, एन्झाइम मातीतले जीवच तयार करतात. शेतकऱ्याला यात नवल वाटू नये.

भांडुप आणि घाटकोपरला महापालिकेने खाडीकाठी मोठी तळी करून त्यांत यंत्राने हवा घुसळण्याची व्यवस्था अनेक वर्षे चालवली. २०२२ मध्ये या दोन्ही ठिकाणांसह वर्सोवा, मालाड, वांद्रे, धारावी, वरळी अशा सात नव्या केंद्रांची कामे देण्यात आली. या सर्वांचा गाभा तोच : हवा आणि जिवाणूंची टोळी.

एक दाखला खास आपल्यासाठी. ‘सुफला’ आणि ‘उज्ज्वला’ ही खते आपण गेली कित्येक वर्षे उसाला घालतो. ती बनवणारा राष्ट्रीय केमिकल्सचा चेंबूरचा कारखाना या शतकाच्या आरंभापासून मुंबईचे मैलापाणी घेऊन, जिवाणूंच्या टाक्यांतून काढून, गाळून, नंतर रिव्हर्स ऑस्मोसिसने शुद्ध करून आपल्या कामाला वापरतो. पहिल्याच केंद्राची क्षमता दिवसाला सव्वादोन कोटी लिटरहून अधिक मैलापाणी घेण्याची आहे. म्हणजे त्यातून मिळणाऱ्या शुद्ध पाण्याइतका भार शहराच्या पिण्याच्या पाण्यावर पडत नाही. मुंबईचे नाव घ्यायचेच, तर विक्रेत्यांनी हे घ्यावे.

आपल्या पाण्यात काय आहे

आता आपल्या कारखान्याकडे वळू. साखर कारखान्याच्या सांडपाण्यात मुख्यतः पाच गोष्टी असतात : साखर, बगॅसचा चुरा, मिलच्या बेअरिंगचे तेल-ग्रीस, बॉयलिंग हाऊस धुतल्याचा कॉस्टिक सोडा आणि आम्ल, आणि गरम पाणी.

साखर ही मुख्य घाण आहे, हे ऐकून काहींना हसू येईल. पण हिशेब पाहा. एक किलो साखर पाण्यात पूर्ण कुजायला सुमारे १.१ किलो प्राणवायू लागतो. स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये विरघळलेला प्राणवायू असतो सुमारे ८ मिलिग्रॅम. म्हणजे एक किलो साखर जवळजवळ १ लाख ४० हजार लिटर पाण्यातला प्राणवायू संपवते. २५ फूट व्यासाची गोल विहीर आणि तिच्यात १० फूट पाणी धरा. एवढेच पाणी होते. एका किलोला एक विहीर. पंपाच्या ग्लँडमधून रस गळतो, टाकी भरून सांडते, तेव्हा किती विहिरी वाहून गेल्या हे आपले आपण मोजावे. आणि ही साखर सभासदाच्या उताऱ्यातून गेलेली असते, ती वेगळीच.

या साखरेला एन्झाइमचा कोयता लागतो काय? नाही. जिवाणू साखर जशीच्या तशी खातात, तिच्यासाठी त्यांना कोणी तुकडे करून द्यावे लागत नाहीत. बेअरिंगचे तेल हे खनिज तेल आहे. लायपेज तूप, गोडेतेल, चरबी कापते. खनिज तेलाची घडणच निराळी, ते लायपेजने कापले जात नाही. ‘आमचे औषध तेल खाते’ असे कोणी म्हटल्यास कोणते तेल, असे विचारावे. आपल्याला हवा आहे नीट बांधलेला, रोज वरचे तेल काढला जाणारा तेल-सापळा.

कॉस्टिकचे पाणी हा खरा घातक भाग आहे. साफसफाईच्या दिवशी ते एकदम केंद्रात आले, की बाटलीतले एन्झाइम आणि टाकीतली टोळी दोन्ही झोपतात, आणि टोळी पुन्हा उभी राहायला बरेच दिवस जातात. हे पाणी वेगळ्या टाकीत साठवून, आम्लता-अल्कता जुळवून, थोडे थोडे सोडायला हवे. मुंबईच्या वर्कशॉपांना जो नियम, तोच आपल्याला : जिथली घाण तिथेच वेगळी काढा.

मग टोळीला कमी काय पडते? खत! साखर म्हणजे नुसते कर्ब. त्यात नत्र-स्फुरद जवळजवळ नाही. नुसता ऊस खाऊन माणूस जसा काम करू शकणार नाही, तसेच हे. प्रमाण असे धरतात : १०० भाग बीओडीमागे ५ भाग नत्र आणि १ भाग स्फुरद. केंद्र सरकारने २०१६ मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे एक टन गाळपामागे २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी बाहेर पडता कामा नये. पूर्वी ही मर्यादा ४०० होती. शेतीला द्यायच्या पाण्याचा बीओडी लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत आणि नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्याचा ३० च्या आत हवा. रोज २५०० टन गाळणाऱ्या कारखान्याचे पाणी झाले ५ लाख लिटर. बीओडी १५०० धरला तर टोळीला दिवसाला साधारण ६७ किलो युरिया आणि ३८ किलो डीएपी पुरते. जुन्या पाण्यात आधीच थोडे नत्र असेल तर त्याहून कमी. (यासाठी कारखान्याने औद्योगिक दर्जाचा युरिया घ्यायचा असतो, शेतकऱ्यांच्या वाट्याचा अनुदानित युरिया नव्हे, हे आम्ही आवर्जून लिहितो.)

उलट बाजू पाहा. समजा, विक्रेत्याने हजार लिटरला एक लिटर औषध सांगितले. दिवसाला ५०० लिटर झाले, दीडशे दिवसांच्या हंगामात ७५ हजार लिटर. दर लिटरला नुसते शंभर रुपये धरले तरी ७५ लाख. दर आणि मात्रा आम्ही उदाहरणादाखल घेतली आहे. खरा आकडा दरपत्रकातून घालून सभासदांनी स्वतःच गुणाकार करावा.

डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशचे प्रकरण थोडे वेगळे आहे. त्याचा तांबडा-काळा रंग साखर आणि प्रथिनांचे घटक तापून तयार होतो. बासुंदी आटताना जो रंग चढतो त्याच जातीचा. हा रंग साध्या जिवाणूंना पचत नाही. लाकूड कुजवणाऱ्या काही बुरशींची एन्झाइमे तो प्रयोगशाळेत बऱ्यापैकी उतरवतात. पण त्यासाठी स्पेंटवॉश पातळ करावा लागतो आणि बुरशीला निराळे खाद्य द्यावे लागते. रोजच्या लाखो लिटरला हे अजून परवडण्यासारखे नाही. या विषयावर पुढे कधी काही आशा असेल, तर ती इथे आहे असे आमचे मत आहे.

राहिले मीठ

शेतकी खात्याने जे सांगायलाच हवे ते आता. एन्झाइम असो, टोळी असो, पाण्यातले क्षार कोणीही खात नाही. कॉस्टिकमधला सोडियम आम्ल घालून मवाळ केला तरी पाण्यातच राहतो. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसेल, वास जाईल, बीओडी नियमात बसेल, आणि तरीही वर्षानुवर्षे तेच पाणी काळ्या जमिनीला दिले तर जमीन चोपण होईल. ओढ्याकाठच्या काही रानांत पाऊस पडला की पाणी मुरत नाही आणि वाळल्यावर वर पांढरी, कडक खपली येते. त्या खपलीला बाटलीतले कोणतेही औषध चालत नाही. तिला निचरा, जिप्सम, ताग-धैंच्यासारखे हिरवळीचे खत आणि गोडे पाणी लागते. पैसे मोजायचेच असतील, तर कॉस्टिकचे पाणी वेगळे काढणाऱ्या टाकीला आधी मोजावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तथापि मत हे मत. प्लॉट घेतल्याशिवाय वाण चांगला की वाईट हे आपण ठरवत नाही, तसेच इथेही करावे. गाळप सुरू झाल्यावर दुसऱ्या पंधरवड्यात, रसायनशाळेच्या मदतीने, सांडपाणी केंद्राजवळ २०० लिटरची चार पिंपे मांडायचे ठरले आहे. चारही पिंपांत एकाच वेळी भरलेले एकच पाणी, आणि चारही पिंपांत सारखी हवा. पहिल्यात काहीच घालायचे नाही. दुसऱ्यात विक्रेत्याचे औषध, त्याने सांगितलेल्या मात्रेने. तिसऱ्यात तेच औषध, तेवढेच, पण अर्धा तास उकळून थंड केलेले. चौथ्यात २७ ग्रॅम युरिया आणि १५ ग्रॅम डीएपी. तीन दिवसांनी चारही पिंपांचे नमुने बीओडीसाठी लावले जातील. ती तपासणी २७ अंशांवर आणखी तीन दिवस चालते. दुसऱ्या पिंपात तिसऱ्यापेक्षा स्पष्ट फरक दिसला तर एन्झाइमचे काम खरे. दोन्ही सारखी निघाली तर काम हवेचे. आणि चौथ्याने दोघांना मागे टाकले तर पुढचा गुणाकार सोपा आहे.

नमुने घेताना ज्यांना हजर राहायचे असेल त्यांनी आपल्या गट ऑफिसात नाव द्यावे. ओढ्याकाठच्या सभासदांनी त्या दिवशी आपल्या विहिरीचे एक लिटर पाणी स्वच्छ प्लॅस्टिक बाटलीत आणावे. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून, काठोकाठ भरून, गट नंबर आणि विहिरीचे ओढ्यापासूनचे अंतर लिहिलेली चिठ्ठी बाहेरून चिकटवावी. क्षारांची तपासणी तिथेच करून दिली जाईल. खताच्या किंवा औषधाच्या रिकाम्या बाटलीत आणलेला नमुना घेतला जाणार नाही.